दुसरे शवविच्छेदन मागायचे असेल तर: पहिल्या अर्जापासून उच्च न्यायालयापर्यंत

मृतदेह अजून शवागारात असेल आणि मृत्यूच्या कारणाबद्दल मनात शंका असेल, तर हा लेख पुढे वाचण्याआधी एक काम करा. कोऱ्या कागदावर अर्ज लिहा, झेरॉक्स काढा, पोलीस ठाण्यात द्या आणि झेरॉक्सवर शिक्का, सही, तारीख व वेळ घालून पोच घ्या. मजकूर असा चालेल:

"प्रति, वरिष्ठ पोलीस निरीक्षक, अमुक पोलीस ठाणे. विषय: मृतदेह जतन करणे व पुन्हा शवविच्छेदन करणेबाबत. मी मयताचा भाऊ असून अकस्मात मृत्यू नोंद क्रमांक अमुक यामधील मृत्यूच्या कारणाबाबत आम्हा कुटुंबीयांना पुढील कारणांमुळे शंका आहे. (इथे कारणे, एकेक ओळीत.) तरी याबाबत निर्णय होईपर्यंत मृतदेह शीतपेटीत ठेवावा, त्यात रसायन भरू नये व अंत्यविधीसाठी अन्य कोणाच्याही ताब्यात देऊ नये. आम्ही मृतदेह नाकारत नसून दुसऱ्या शवविच्छेदनाच्या निर्णयासाठी थांबलो आहोत."

शेवटचे वाक्य गाळू नका. "नातेवाइकांनी बॉडी घ्यायला नकार दिला" अशी नोंद झाली की तो आंदोलनाचा विषय होतो आणि पोलीस अंत्यविधी उरकायच्या मागे लागतात. तुम्ही नाकारत नाही आहात, थांबला आहात. याच अर्जाची एक प्रत रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांना किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांना आणि एक तहसीलदारांना द्या. पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना ईमेलही करा, कारण ईमेलवर वेळ आपोआप उमटते.

आता सविस्तर.

माझा मावसभाऊ परजिल्ह्यात नोकरीला होता. खोलीत मृत सापडला. फोनवर "हार्ट अटॅक असावा" एवढेच कळले. शवविच्छेदन झाले, बॉडी गावी आणली. अंधार पडायच्या आत उरकू, म्हणून दोन तासांत अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी राख सावडून आम्ही परत आलो, तेव्हा त्याचा खोलीसोबती ओसरीवर बसला होता. मावशीच्या पायांशी मान खाली घालून तो म्हणाला, "त्याच्या पाठीवर वळ होते, मावशी. मी पाहिले होते." अहवाल आला तेव्हा त्यात पाठीबद्दल एक शब्द नव्हता. विचारायला देह उरला नव्हता. त्यानंतर ओळखीपाळखीतून कुणी बोलावले की मी अशा घरच्यांबरोबर शवागाराबाहेर जाऊन बसते. खाली लिहिले आहे ते तिथल्या बाकांवर शिकले आहे.

आपल्याकडे "खासगी" शवविच्छेदन नसते

पैसे भरून आपल्या विश्वासाच्या डॉक्टरकडून शवविच्छेदन करून घेता येते, असे अनेकांना वाटते. भारतात संशयास्पद मृत्यूत तसे होत नाही. पोलिसांनी किंवा दंडाधिकाऱ्यांनी लेखी मागणी केली तरच अधिकृत डॉक्टर मृतदेह उघडू शकतात. मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांत आजाराचा अभ्यास म्हणून नातेवाइकांच्या संमतीने शवविच्छेदन होते, पण ते वेगळे. घातपाताची शंका असेल तिथे ते चालत नाही.

मुंबईत पूर्वी अशा मृत्यूंची चौकशी करणारे कॉरोनर न्यायालय होते. ते 1999 मध्ये बंद झाले. आता सगळीकडे एकच पद्धत आहे. 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम 194 खाली पोलीस मरणोत्तर पंचनामा करतात आणि मृतदेह शवविच्छेदनाला पाठवतात. जुने कलम 174 ते हेच. कलम 196 खाली, म्हणजे जुन्या 176 खाली, दंडाधिकारी चौकशी करतात आणि पुरलेला देह बाहेर काढण्याचा आदेशही देऊ शकतात.

"दुसरे शवविच्छेदन" हा शब्द या कलमांत कुठेच नाही. त्यामुळे तो आपोआप मिळणारा हक्क नाही, आणि "कायद्यात अशी तरतूदच नाही" हे ठाण्यात मिळणारे उत्तरही खरे नाही. कारण पटले तर तपास यंत्रणा, दंडाधिकारी किंवा उच्च न्यायालय ते करायला लावू शकतात आणि लावलेले आहे. मात्र "स्वतंत्र" याचा अर्थ इथे वेगळ्या संस्थेतले, वेगळे सरकारी डॉक्टर असा घ्यायचा.

पहिले व्हायचे असेल तर तेच नीट करून घ्या

देह एकदाच अखंड असतो, म्हणून या टप्प्यावर घातलेला एक तास पुढच्या सहा महिन्यांच्या धावपळीपेक्षा मोलाचा आहे. ग्रामीण रुग्णालयात शवविच्छेदन करणारे वैद्यकीय अधिकारी बहुधा न्यायवैद्यकशास्त्राचे तज्ज्ञ नसतात. सकाळी बाह्यरुग्ण विभाग, दुपारी प्रसूती आणि मध्ये शवविच्छेदन, असा त्यांचा दिवस असतो. त्यांच्यावर राग धरून उपयोग नाही. देह पुढे पाठवण्याची विनंती करा.

तपास अधिकाऱ्याला लेखी मागा: शवविच्छेदन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या न्यायवैद्यकशास्त्र विभागात व्हावे, शक्यतो एकाहून अधिक डॉक्टरांच्या समितीने करावे, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याचे व्हिडिओ चित्रीकरण व्हावे. डिसेंबर 2024 मध्ये परभणीत कोठडीत असलेल्या सोमनाथ सूर्यवंशी यांचा मृत्यू झाला, तेव्हा शवविच्छेदन छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात झाले. जिल्हा ओलांडून देह नेता येतो.

शब्दांची एक गडबड इथेच सांगते. आपल्या बोलण्यात आणि वर्तमानपत्रांत "इन कॅमेरा पोस्टमॉर्टेम" म्हणजे चित्रीकरण करून केलेले. कायद्याच्या भाषेत "इन कॅमेरा" म्हणजे बंद दाराआड. अर्जात सरळ "व्हिडिओ चित्रीकरण" लिहा.

संध्याकाळ झाली म्हणून घाई होऊ लागली तर हे ध्यानात ठेवा: केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर 2021 मध्ये सोयी असलेल्या रुग्णालयांना सूर्यास्तानंतर शवविच्छेदनाची मुभा दिली, पण खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेला देह किंवा घातपाताचा संशय असेल तर, कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न नसल्यास, ते रात्री करू नये असेच म्हटले. सकाळपर्यंत थांबण्याची मागणी योग्यच आहे.

देहाला अंघोळ घालू नका, हळद-कुंकू लावू नका, नखे कापू नका. कपडे धुऊ नका, फेकू नका. ओले असतील तर सावलीत वाळवून कागदात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नको. पंचनाम्याला घरचे कुणीतरी थांबा. देह कुशीवर करून पाठ, मानेचा मागचा भाग, तळवे आणि तळपाय दाखवायला सांगा. दिसेल ते पंचनाम्यात लिहायला सांगा. फोटो काढू देत नसतील तर दिसलेले घरी येऊन लगेच वहीत लिहा आणि पाहणाऱ्या दोघांनी खाली सही करा.

दुसऱ्या वेळी काय सापडते आणि काय गेलेले असते

पहिल्या शवविच्छेदनात छाती-पोटाची पोकळी उघडून अवयव बाहेर काढतात, कवटी करवतीने कापून मेंदू काढतात, तुकडे राखून बाकीचे परत आत ठेवून शिवतात. दुसऱ्या डॉक्टरांपुढे हाच देह येतो. पोटातले अन्न गेलेले असते. पोकळीत किती रक्त साठले होते ते आता मोजता येत नाही. फुप्फुसाभोवती हवा भरली होती का, याची चाचणी एकदाच होते. गळ्याच्या आतले स्नायू पहिल्या वेळी उचकटले असतील, तर आताचा रक्ताचा डाग मारहाणीचा की सुरीचा हे सांगणे अवघड जाते.

तरीही बरेच काही उरते. पहिल्या वेळी पाठ, कुल्हे, मांड्या, पोटऱ्या आणि तळपाय उघडून पाहिलेले नसतात, आणि मारहाणीच्या खुणा नेमक्या तिथे, कातडीखाली खोल असतात. खोलवरचा मार पहिल्या दिवशी बाहेरून दिसत नाही. एक-दोन दिवसांत तो वर उमटतो. त्यामुळे दुसऱ्या वेळी "नवीन" वळ दिसला म्हणजे पहिला डॉक्टर खोटे बोलला असे लगेच धरू नका. उलट बाजूही खरी आहे. रक्त खाली साचून पडलेले जांभळे डाग आणि कुजण्याचे डाग मारासारखे दिसतात. म्हणून "मारल्यासारखे निळे दिसते" एवढ्यावर थांबू नये. तिथे छेद देऊन, तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला मागावे.

हाडे टिकतात. बरगड्या, बोटे, मनगट आणि गळ्यातले कंठास्थी यांचे मोड दुसऱ्या वेळीही सापडतात. त्यासाठी संपूर्ण शरीराचे एक्स-रे मागा. अनेक ठिकाणी पहिल्या वेळी ते काढलेलेच नसतात. दिल्लीच्या एम्समध्ये 2021 पासून सीटी स्कॅनने आभासी शवविच्छेदन होते. जिल्ह्याच्या ठिकाणी ती अपेक्षा धरू नका.

सगळ्यात जास्त नुकसान एम्बामिंगने होते. लांबच्या प्रवासासाठी देहात फॉर्मलिनचे द्रावण भरतात. त्यानंतर मद्य आणि सायनाइडसारख्या विषांच्या चाचण्या भरवशाच्या राहत नाहीत, डीएनएही खराब होतो. दुसरे शवविच्छेदन होईपर्यंत शीतपेटी हीच जागा, आणि पेटी खरोखर थंड आहे ना हे रोज जाऊन हाताने पाहा. शीतपेटीतही कुजणे थांबत नाही, मंदावते इतकेच.

आता स्पष्ट सांगते. शंका फक्त विषाची असेल, पहिल्या वेळी व्हिसेरा, म्हणजे रासायनिक तपासणीसाठी काढलेले अवयवांचे भाग, नीट राखला असेल आणि काम तज्ज्ञाने चित्रीकरणासह केले असेल, तर दुसऱ्या शवविच्छेदनाने फारसे नवे हाती येणार नाही. तिथे व्हिसेऱ्याच्या मागे लागा. दुसऱ्यांदा देह उघडायचा तो एखादा नेमका प्रश्न अनुत्तरित असेल तरच.

शंका लेखी कशी मांडायची

"आम्हाला संशय आहे" या वाक्यावर कुणी हलत नाही. पहिला अहवाल मिळवा. पूर्ण अहवाल लगेच मिळाला नाही तर मृत्यूच्या कारणाचे तात्पुरते प्रमाणपत्र आणि मरणोत्तर पंचनाम्याची प्रत लेखी मागा. मग दोन्ही कागद शेजारी ठेवा.

महाराष्ट्रातल्या जुन्या छापील नमुन्यात रकाना 17 बाहेरच्या जखमांचा आणि 19 डोक्याचा; वकील, पोलीस नुसते "कॉलम 17" म्हणतात. तिथे जखमेचे माप, जागा आणि रंग आहे, की फक्त "खरचटले" लिहिले आहे? पंचनाम्यात असलेली जखम अहवालात नाही, असे आहे का? गळफास म्हटले असेल तर फासाच्या वळाची दिशा, रुंदी, आणि गळ्याचा एकेक थर उलगडत छेद दिला का? बुडून मृत्यू म्हटले असेल तर फेस, फुप्फुसांची स्थिती आणि श्वासनलिकेतला चिखल-वाळू यांची नोंद आहे का? उंचीवरून पडून म्हटले असेल तर हाडांचे मोड त्या उंचीला साजेसे आहेत का? काय काय राखून ठेवले त्याची यादी आहे का?

"मत राखून ठेवले" या शब्दांना घाबरू नका. याचा अर्थ डॉक्टर रासायनिक किंवा सूक्ष्म तपासणीच्या अहवालाची वाट पाहत आहेत. व्हिसेरा म्हणजे जठर व त्यातला ऐवज, आतड्याचा तुकडा, यकृत, मूत्रपिंड, प्लीहा यांचे भाग. ते मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे तुकडे 10 टक्के फॉर्मलिनमध्ये जातात. हे दोन वेगळे डबे आणि दोन वेगळ्या वाटा आहेत. पहिला डबा पोलिसांमार्फत राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो. मुंबईत ती कलिन्याला आहे, शिवाय पुणे, नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर अशा ठिकाणी प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. तिथून येतो तो "सीए रिपोर्ट", म्हणजे रासायनिक तपासणीचा अहवाल. डबा ठाण्यातल्या कपाटात पडून राहतो, ही तक्रार मी कित्येक घरांतून ऐकली आहे. म्हणून जावक क्रमांक आणि पाठवल्याची तारीख विचारत राहा.

पाच-सहा मुद्दे निघाले की ते एखाद्या न्यायवैद्यक तज्ज्ञाला दाखवा. निवृत्त प्राध्यापक असे कागद वाचून लेखी मत देतात. खासगी तज्ज्ञाला सुरी हाती घेता येत नाही, पण त्याचे एक पानी मत तुमच्या अर्जाचे वजन पार बदलून टाकते.

कोणाकडे, कोणत्या क्रमाने

पहिला अर्ज तपास अधिकाऱ्याला, म्हणजे वर दिला तोच, आता मुद्द्यांसह. दिवसभरात हालचाल झाली नाही तर तोच अर्ज पोलीस उपअधीक्षक आणि अधीक्षकांना, शहरात असाल तर सहायक आयुक्त आणि उपायुक्तांना. त्याच दिवशी तहसीलदार किंवा प्रांताधिकाऱ्यांनाही द्या, कारण कार्यकारी दंडाधिकारी म्हणून चौकशीचे अधिकार त्यांच्याकडे असतात. एकाने हो म्हणायची वाट पाहत दुसऱ्याकडे जाणे लांबवू नका. देह थांबत नाही.

पोलीस गुन्हाच नोंदवत नसतील तर संहितेच्या कलम 173 खाली अधीक्षकांकडे तक्रार, आणि पुढे कलम 175 खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, ही वेगळी वाट आहे. ती चालू ठेवा, पण देह शवागारात असताना तिच्यावर विसंबू नका. त्या वाटेला वेळ लागतो.

वेळेत निर्णय होण्याची खरी जागा उच्च न्यायालय आहे. संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली फौजदारी रिट याचिका दाखल करून त्याच दिवशी तातडीने सुनावणी मागता येते. आपले उच्च न्यायालय बसते ते मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात पर्वरी इथे. आणि 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच, जिथे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे जोडले आहेत. कणकवलीच्या माणसाला आता यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

याचिकेत दोन मागण्या वेगळ्या करा. तातडीची: देह जपा, पहिल्या शवविच्छेदनाचे चित्रीकरण, व्हिसेरा आणि घटनास्थळाचे सीसीटीव्ही जपा, अहवालाची प्रत द्या. मुख्य: अमुक संस्थेच्या डॉक्टरांच्या समितीने चित्रीकरणासह पुन्हा शवविच्छेदन करावे, आणि आमचा प्रतिनिधी तिथे हजर राहू द्यावा. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देते. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट नाही. त्यांचा मदतक्रमांक 15100.

न्यायालये काय देतात आणि काय देत नाहीत, ते दोन प्रकरणांतून कळते. डिसेंबर 2019 मध्ये हैदराबादजवळ चकमकीत चार आरोपी मारले गेले. तेलंगणा उच्च न्यायालयाने पहिल्या शवविच्छेदनानंतर पंधरवड्याने एम्सच्या डॉक्टरांना बोलावून चौघांचे पुन्हा शवविच्छेदन करून घेतले. ती चकमक बनाव होती, असा निष्कर्ष पुढे 2022 मध्ये न्यायमूर्ती विकास सिरपूरकर आयोगाने काढला. तमिळनाडूत कल्लकुरिचीला जुलै 2022 मध्ये एका शाळकरी मुलीचा वसतिगृहात मृत्यू झाला. मद्रास उच्च न्यायालयाने दुसऱ्या शवविच्छेदनाचा आदेश पाच दिवसांत दिला, पण आमच्या पसंतीचा डॉक्टर समितीत घ्या ही वडिलांची मागणी मान्य केली नाही. सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. म्हणून वकिलाला सांगा, सगळा भर डॉक्टरच्या नावावर टाकू नका. वेगळी संस्था, चित्रीकरण आणि हजेरी हे तीन मुद्दे धरा.

मद्रास उच्च न्यायालयाच्याच मदुराई खंडपीठाने 2020 मध्ये कोठडीतील मृत्यूंबाबत सांगितले आहे की कुटुंबाला देह पाहू द्यावा, शवविच्छेदनाचे चित्रीकरण करावे, आणि कुटुंबाला न्यायालयात जायचे असेल तर देह किमान 48 तास शवागारात ठेवावा. हा निर्णय महाराष्ट्रावर बंधनकारक नाही, पण इथल्या याचिकेत दाखला म्हणून देता येतो.

गोव्याचे उदाहरण तर घरचेच. 18 फेब्रुवारी 2008 ला हणजूणच्या किनाऱ्यावर 15 वर्षांच्या ब्रिटिश मुलीचा मृतदेह सापडला. बुडून मृत्यू, असे पोलिसांनी म्हटले. आई मागे हटली नाही. दुसरे शवविच्छेदन झाले, अंगावरच्या अनेक जखमा नोंदल्या गेल्या आणि खुनाचा गुन्हा नोंदवावा लागला. 2016 मध्ये आरोपी सुटले; 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने एकाला दोषी ठरवून 10 वर्षांची शिक्षा दिली. अकरा वर्षे लागली, आणि तो खटला उभा राहिला तो त्या दुसऱ्या तपासणीमुळे.

अग्नी दिला असेल, किंवा पुरले असेल

दहनानंतर दुसरे शवविच्छेदन होऊ शकत नाही. कागदांची फेरतपासणी मात्र होते. सुशांतसिंह राजपूत यांचे शवविच्छेदन 2020 मध्ये मुंबईच्या कूपर रुग्णालयात होऊन दहन झाले होते. सीबीआयच्या विनंतीवरून एम्सच्या पथकाने अहवाल, फोटो, चित्रीकरण आणि राखलेला व्हिसेरा पाहून मत दिले, आणि ते घातपाताच्या बाजूचे नव्हते. फेरतपासणी मागताना उत्तर आपल्या मनासारखे येईलच असे धरून जाऊ नका. मागायचे काय, तर: चित्रीकरणाची प्रत, फोटो, व्हिसेऱ्याचा शिल्लक भाग, सूक्ष्म तपासणीच्या काचपट्ट्या, जप्त कपडे. आणि हे काही नष्ट करू नये असा अर्ज लगेच द्या.

पुरले असेल तर वाट उघडी आहे. लिंगायत, मुस्लिम, ख्रिस्ती घरांत आणि लहान मुलांच्या बाबतीत ही शक्यता असते. देह उकरून काढायला भारतात कालमर्यादा नाही. दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. काम दिवसाउजेडी, बहुधा पहाटेनंतर लगेच, त्यांच्या आणि डॉक्टरांच्या समक्ष होते. देहाच्या वरची, खालची आणि बाजूची माती वेगवेगळी घ्यायला सांगा, कारण आर्सेनिकसारखे विष मातीतून आले की देहातून, हे त्याशिवाय ठरत नाही. केस, नखे आणि हाडे यांत ते बराच काळ टिकते. 2006 मध्ये खैरलांजीच्या हत्याकांडात पहिल्या शवविच्छेदनावर आक्षेप आल्यावर देह उकरून पुन्हा तपासावे लागले. असा प्रसंग कुणावर येऊ नये. पण शंका असेल आणि घरात दहनाची रीत असेल, तर काही दिवस देह शवागारात ठेवणे हे मृताचा अपमान नव्हे. घरातल्या थोरांना हे शांतपणे, एकाच माणसाने सांगावे. चौघांनी चार तऱ्हेने सांगितले की तिथेच भांडण पेटते.

काही मृत्यूंचे वेगळे नियम

लग्नाला सात वर्षे व्हायच्या आत विवाहितेचा आत्महत्येने किंवा संशयास्पद मृत्यू झाला, तर दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हायलाच हवी. माहेरच्यांचे म्हणणे तिथेच नोंदवून घ्या, आणि देह सासरच्यांच्या ताब्यात जाण्याआधी माहेरचा अर्ज ठाण्यात पोचला पाहिजे.

कोठडीत किंवा तुरुंगात मृत्यू झाला तर राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला 24 तासांत कळवणे आणि शवविच्छेदनाचे चित्रीकरण करणे अपेक्षित आहे. दंडाधिकारी चौकशीत नातेवाइकांना हजर राहता येते. चित्रीकरणाची प्रत मागा.

रुग्णालयात उपचार चालू असताना मृत्यू झाला आणि हलगर्जीपणाची शंका असेल, तर देहाइतकेच केसपेपर महत्त्वाचे. लेखी मागणी केल्यावर 72 तासांत ते द्यावे लागतात, हा 2002 च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांचा भाग आहे. बिल थकले म्हणून देह अडवता येत नाही. डॉक्टरवर गुन्हा नोंदवण्याआधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2005 च्या जेकब मॅथ्यू खटल्यात म्हटले आहे; त्यामुळे पोलीस प्रकरण वैद्यकीय समितीकडे पाठवतील. ती टाळाटाळ समजू नका. त्या समितीपुढे ठेवायला शवविच्छेदन अहवाल हवा, म्हणून "नैसर्गिक मृत्यू" असे लिहून रुग्णालय देह देत असेल आणि तुम्हाला शंका असेल, तर तिथूनच 112 ला फोन करा.

आखातातून किंवा आणखी कुठून देह येणार असेल, तर तो बहुधा एम्बामिंग करूनच येतो. तिथला पोलीस अहवाल आणि शवविच्छेदन झाले असल्यास त्याचा अहवाल देहाबरोबर यावा असे दूतावासाला लेखी कळवा, आणि विमानतळावरून थेट स्मशानात न नेता स्थानिक ठाण्यात अर्ज द्या.

दुसऱ्या शवविच्छेदनाच्या दिवशी

आदेशाची प्रमाणित प्रत, पहिला अहवाल, पंचनामा, तुमच्या शंकांचे एक पान, अशी चार कागदांची फाइल समितीच्या प्रमुखांच्या हातात द्या. प्रश्न मोजके आणि नेमके असू द्या: "डाव्या पोटरीत छेद द्यावा", "कंठास्थी पाहावे", "पूर्ण शरीराचा एक्स-रे काढावा". शीतपेटी उघडताना कोण हजर होते, गाठ आणि चिठ्ठी शाबूत होती का, याची नोंद करायला सांगा. ओळख पटवायला घरातला असा माणूस पाठवा जो कोसळणार नाही. आईला नको. मी एकदा एका आईला आत जाऊ दिले होते. ते मी पुन्हा कधी करणार नाही.

नवे नमुने घेतले असतील तर त्यांची यादी आणि सीलचा ठसा पाहून घ्या. दोन अहवालांत फरक आला तर तपास अधिकारी किंवा न्यायालय तिसऱ्या तज्ज्ञ समितीकडून दोन्हींची तुलना करून घेऊ शकते. कल्लकुरिचीच्या प्रकरणात पुद्दुचेरीच्या जिपमेर या केंद्रीय वैद्यकीय संस्थेने ते केले. नोंदवलेल्या गुन्ह्याच्या तपासाची प्रगती पोलिसांनी 90 दिवसांत फिर्यादीला कळवायची असते. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

सगळे आटोपल्यावर ताबा पावतीवर सही करण्याआधी तिच्यातले प्रत्येक वाक्य वाचा. "आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही" अशी ओळ असेल तर ती खोडून बाजूला सही करा, किंवा सहीच्या वर लिहा: "फक्त अंत्यविधीसाठी देह स्वीकारला, तक्रार कायम आहे." देह दोनदा उघडलेला असतो, शिवण मानेपर्यंत येते. शवागारातल्या कर्मचाऱ्याला नवे धोतर किंवा साडी द्या आणि हनुवटीपर्यंत गुंडाळायला सांगा. ते करतात, फार हळुवारपणे करतात. घरी गेल्यावर चेहरा तेवढा उघडा ठेवा, म्हणजे आजी-आजोबांना आणि मुलांना शेवटचे नीट पाहता येईल.